नट आवळायचे ते चाके टेकल्यावर

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोलंबस गावातून इंडियानापोलिसकडे निघाले की ६५ क्रमांकाच्या इंटरस्टेट महामार्गावर एक पूल लागतो आणि त्याच्या अलीकडच्या टोकाला रस्त्यात लोखंडी सांधा आहे. गेल्या ऑक्टोबरात ताशी साठ मैलांच्या वेगाने त्या सांध्यावरून उजवे चाक गेले आणि माझ्या पिकअपचे स्टिअरिंग हातात असे थरथरू लागले की समोरचा रस्ता दिसेनासा झाला. एरवी खड्डा लागला की हादरा बसतो आणि विरतो. हा विरत नव्हता, उलट प्रत्येक फेऱ्याला वाढत होता. ब्रेक जोरात न दाबता नुसता ॲक्सिलरेटर सोडला, वेग तिशीवर आला तेव्हा थरथर एकाएकी थांबली आणि गाडी काहीच न झाल्यासारखी चालू लागली. कडेला थांबवून चारही चाकांचे नट पाहिले, ते घट्ट होते. माझे हात मात्र बराच वेळ कापत होते.

इथले लोक या प्रकाराला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. नाव भडक असले तरी कारण साधे आहे. दोन्ही पुढची चाके एकाच अखंड ॲक्सलवर बसवलेली असतात तेव्हा एका चाकाला बसलेला धक्का ॲक्सल आणि टाय रॉड (स्टिअरिंगसाठी दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) यांच्यामार्फत दुसऱ्याला पोचतो, दुसरे चाक तो परत पाठवते आणि मध्ये कुठे जोड सैल असेल तर हा झोका शमण्याऐवजी वाढत जातो. अखंड पुढचा ॲक्सल असलेल्या कुठल्याही गाडीत जोड झिजले की हे होऊ शकते.

गाडी २००६ सालची रॅम २५००, फोर व्हील ड्राइव्ह, ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे कमिन्स डिझेल इंजिन. शेतीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडून मी ती घेतली तेव्हा घरात कोणाला फारसे पटले नव्हते. पण कोथरूडमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर कमिन्समध्ये ज्याच्या वडिलांचा जन्म गेला आणि जो स्वतः कमिन्सच्या मूळ गावात, म्हणजे इथे कोलंबसला, येऊन राहिला, त्याला या इंजिनाचा आवाज ऐकून व्यवहारी विचार सुचणे कठीण. इंजिनाचे वजनच सुमारे ५०० किलो आहे आणि ते सगळे पुढच्या ॲक्सलच्या माथ्यावर. त्यात इंडियानाचा हिवाळा. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, ते पाण्यात विरघळून गाडीच्या पोटात जाते आणि उन्हाळाभर आपले काम करत राहते. सतरा-अठरा हिवाळे काढलेल्या गाडीचे रबर आणि बोल्ट कोणत्या अवस्थेत असतील याचा अंदाज मला होता. पुढे कळले की तो अंदाज बराच सौम्य होता.

या गाडीचा पुढचा ॲक्सल चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, चार आर्म्सनी (दांड्यांनी) जोडलेला असतो, दोन वर आणि दोन खाली. आर्म ॲक्सलपासून मागे चेसिसकडे जातात आणि ॲक्सलला पुढे-मागे सरकू देत नाहीत. डावी-उजवीकडे सरकू न देण्याचे काम ट्रॅक बार नावाचा एक तिरका दांडा करतो. म्हणजे चार आर्म्सचे आठ जोड आणि ट्रॅक बारचे दोन. या प्रत्येक जोडात बुश असतो. बाहेर पोलादाचे कवच, आत पोलादाची जाड नळी आणि दोहोंच्या मधे चिकटवलेले रबर. आतली नळी बोल्टने ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये घट्ट आवळली जाते, ती फिरत नाही. चाक वर-खाली होते तेव्हा आर्म फिरतो तो नळीवर घासून नव्हे, तर रबर पिळले जाऊन. बुश म्हणजे बेअरिंग नव्हे, ही गोष्ट मला पुस्तकातून कित्येक वर्षे माहीत होती, पण ती खरी समजली या कामात.

तपासणीला धाकट्या मुलाला स्टिअरिंगवर बसवले. चाके जमिनीवर, इंजिन चालू, आणि त्याने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवत राहायचे. मी खाली आडवा पडून एकेका जोडाकडे पाहणार. ट्रॅक बारचे ॲक्सलकडचे टोक बोल्टभोवती चांगले चार-पाच मिलिमीटर सरकताना दिसले. मग इंजिन बंद करून खालच्या आर्म्सच्या बुशमध्ये पहार घालून उचकटून पाहिले. उजव्या आर्मचे दोन्ही बुश भेगाळलेले होते, आणि डाव्या आर्मच्या मागच्या बुशमध्ये चंद्रकोरीसारखी चीर पडून आतली नळी एका बाजूला टेकली होती. वरच्या आर्म्सचे जोड पक्के निघाले. टाय रॉडची टोके आणि बॉल जॉइंटही ठीक होते. अनेक जण अशा वेळी आधी स्टिअरिंगचे हादरे शोषणारा डँपर नवा बसवतात आणि थरथर काही महिने दबतेही. पण तो उपाय तापाच्या रोग्याचे थर्मामीटर लपवण्यासारखा आहे, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

आता बदलायचे काय, हा प्रश्न होता. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते टिकत असतीलही, पण एक चाक दगडावर चढले की अखंड ॲक्सल तिरका होतो आणि आर्मला स्वतःभोवती थोडे मुरडावे लागते. रबर ही मुरड सहन करते, कडक पॉलियुरेथेन तितकी करत नाही आणि तो ताण ब्रॅकेटवर जातो. शिवाय त्यांना ठरावीक काळाने सिलिकोन ग्रीस द्यावे लागते, नाहीतर दर गतिरोधकावर कुरकुर ऐकत बसायचे. मी रबरच घेतले. ट्रॅक बार अख्खा नवा आणि खालच्या दोन आर्म्ससाठी चार सुटे बुश, सोबत नवे कॅम बोल्ट. बुश बसवलेले तयार आर्मही मिळतात आणि त्यांची किंमत दुपटीहून थोडी जास्त होती. शेजारी राहणाऱ्या निवृत्त मशिनिस्टकडे वीस टनी हायड्रॉलिक प्रेस आहे, तो वापरून पैसे वाचवू असा माझा हिशेब होता. आज पुन्हा हे काम करायचे झाले तर मी निमूटपणे तयार आर्म घेईन.

कामाच्या आधी आठवडाभर रोज संध्याकाळी प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारले. शनिवारी सकाळी गाडी गॅरेजसमोरच्या काँक्रीटवर घेतली, मागच्या चाकांना ठोकळे लावले आणि चाके जमिनीवर असतानाच सगळे नट आधी सैल करायला घेतले. स्टँडवर चढवलेल्या तीन टनी गाडीखाली चार फुटी दांड्याने जोर लावणे शहाणपणाचे नाही.

डाव्या आर्मच्या मागच्या, म्हणजे चीर पडलेल्या बुशचा नट अगदी सहज फिरला. बोल्ट नवा दिसत होता, आट्यांवर ग्रीसही होते. नट दीड-दोन फेरे सैल झाला आणि आतून खट् असा आवाज आला. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर बुशची आतली नळी ब्रॅकेटच्या कानांतून सुटून थोडी फिरली होती. तिच्या काठावरचा गंजाचा ओरखडा आधी खाली होता, तो आता बाजूला आला होता. मी तसाच खाली पडून राहिलो आणि हे असे का झाले असावे याचा विचार करू लागलो. मग ग्लव्ह बॉक्समधली जुन्या मालकाची कागदपत्रे काढली. त्यांत कुठल्याशा गॅरेजचे दोन वर्षांपूर्वीचे बिल निघाले: डाव्या बाजूचा एक बुश बदलला. त्या बिचाऱ्या बुशने दोन वर्षे पिळलेल्या अवस्थेत काढली होती.

गाडी लिफ्टवर किंवा स्टँडवर असते तेव्हा ॲक्सल खाली लोंबतो आणि आर्म उतरता होतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला तर आतली नळी त्या कोनात जखडली जाते. मग गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो, नळी मात्र जिथल्या तिथे राहते आणि गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेले राहते. मी नंतर मोबाइलवरच्या कोनमापकाने आर्मचा कल दोन्ही स्थितींत मोजला, फरक दहा-अकरा अंशांचा भरला. रबराला विश्रांतीच नाही, आणि खड्ड्यात चाक वर उचलले गेले की पिळात आणखी पीळ. दोन वर्षांत चंद्रकोर पडली यात नवल नव्हते. बसवणाऱ्याने बोल्टला ग्रीस लावले होते, नटही व्यवस्थित आवळला होता, फक्त आवळला तो चुकीच्या वेळी.

ही गोष्ट मनात घोळवतच गाडी जॅकने उचलली, चेसिसखाली दोन्ही बाजूंना स्टँड दिले आणि ॲक्सलखाली जॅक ठेवला. दोन्ही खालचे आर्म एकदम काढले तर ॲक्सल स्वतःभोवती फिरतो आणि मग भोके जुळवताना जीव जातो, म्हणून एका वेळी एकच आर्म. डावा आर्म दुपारच्या जेवणाआधी हातात आला. त्या यशाने मी जरा चढलो होतो.

उजव्या आर्मने मला जमिनीवर आणले. त्याच्या ॲक्सलकडच्या टोकाला कॅम बोल्ट असतो. त्याचा वॉशर मध्याबाहेर भोक असलेला, बोल्ट फिरवला की आर्मचे टोक थोडे पुढे-मागे सरकते आणि चाकाचा कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा कल जुळवता येतो. मूळ जागा समजावी म्हणून आधी त्या वॉशरची स्थिती ब्रॅकेटवर टोकदार सळईने कोरून ठेवली. नट निघाला. बोल्ट निघेना. बोल्ट आणि बुशची आतली नळी गंजाने एकजीव झाली होती. चार पौंडी घणाने बोल्टच्या टोकावर घाव घातले, पण प्रत्येक घाव रबर गिळून टाकत होते. बोल्ट नळीसकट दोन मिलिमीटर आत जायचा आणि रबराच्या ताणाने तितकाच परत यायचा. भिंतीवर चेंडू मारत बसावे तसे ते चालले होते. पाना लावून फिरवायला गेलो तर बोल्ट, नळी आणि फाटके रबर सगळेच एकत्र फिरत. नट आधीच काढला नसता तर निदान आटे तरी वाचले असते, पण घणाने तेही चेपले होते.

मग गॅसची टॉर्च घेतली. तापवल्यावर लोखंड फुगून गंजाची पकड सुटते हे खरे, पण मध्ये रबर आहे हे मी उत्साहात विसरलो. मिनिटभरातच बुशने पेट घेतला. ज्वाला लहान होती, धूर मात्र काळा, तेलकट आणि घशाला चिकटणारा. जवळूनच ब्रेकचा होज जातो. अग्निशामक सिलिंडर हाताशी होता, पण ओल्या पोत्याने काम भागले. शेजारचे मशिनिस्ट कुंपणापलीकडून हे सगळे पाहत होते. ते आत आले, टॉर्च माझ्या हातातून काढून घेतली आणि घरून विजेवर चालणारी पुढे-मागे धावणारी करवत घेऊन आले. बोल्ट वाचवायचा हट्ट सोड, नवा आणलेला आहेसच, इतकेच ते म्हणाले.

आर्मचा बुश आणि ब्रॅकेटचा कान यांच्यामध्ये जेमतेम तीन मिलिमीटर फट होती. त्यात कार्बाइडचे दाते असलेले पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा होता, आणि ब्रॅकेटला ओरखडासुद्धा पडता कामा नये, कारण ते ॲक्सलला वेल्ड केलेले आहे आणि ते बिघडले तर खर्चाला सीमा नाही. पहिली बाजू पंचवीस मिनिटे, दुसरी चाळीस, तीन पाती खर्ची पडली. पाते सरळ राहावे म्हणून मी ते डाव्या हाताच्या अंगठ्याने कडेने दाबून धरत होतो, हातमोज्याचे टोक जळल्यासारखे गरम झाले होते. शेवटचा धागा तुटला तेव्हा आर्म खाडकन खाली आला. त्या दिवशी एवढेच काम झाले.

रविवारी प्रेसवर जुने बुश काढले. आर्ममध्ये बाहेरचे कवच गंजून असे धरले होते की प्रेसचा दाब वाढत गेला तरी हलेना. शेवटी हॅकसॉचे पाते आतून घालून कवचाला उभी चीर दिली, छन्नीने त्याची कड आत मुडपली आणि मग ते सरकले. आर्मचे भोक एमरी कागदाने चकचकीत होईपर्यंत घासले. नवे बुश आदल्या रात्री फ्रीझरमध्ये, ओल्या खोबऱ्याच्या पाकिटांशेजारी, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवले होते. याबद्दल घरात जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. खरे तर या युक्तीचा फायदा अगदी थोडा आहे. कवचाचा व्यास ६० मि.मी. धरला आणि खोलीच्या तापमानापासून उणे अठरा अंशांपर्यंत थंड केले तर पोलाद जेमतेम ०.०३ मि.मी. आकसते, पण घट्ट बसणाऱ्या जोडात एवढ्यानेही सुरुवात सरळ होते. पेट्रोलियम ग्रीस रबराला मानवत नाही, म्हणून फक्त साबणाचे पाणी लावले. बुशच्या रबरात दोन पोकळ्या असतात, त्या कोणत्या दिशेला आहेत हे जुन्या बुशवर पाहून आर्मवर खडूने खूण केली होती, तशीच ठेवून दाबले.

ट्रॅक बारचे काम त्या मानाने सुखाचे झाले. गाडी चाकांवर उभी केली, जुना बार काढला आणि नवा चेसिसकडच्या टोकाला अडकवला. ॲक्सलकडचे भोक बोटभर बाजूला राहिले. हे भोक पहारीने ओढून जुळवत बसायचे नसते. मुलाला इंजिन चालू करून स्टिअरिंग अगदी हळू डावीकडे फिरवायला सांगितले. चाके जमिनीला धरून राहिल्यामुळे ॲक्सल आणि चेसिस एकमेकांपासून बाजूला सरकले आणि भोक भोकासमोर आले. “बाबा, अजून?” “बस. हात काढ.” मी त्यातून आधी निमुळती सळई घातली, मग बोल्ट. भोक जुळले की नाही हे बोटाने चाचपण्याचा मोह टाळावा, ते बोट परत मिळत नाही.

राहिले आवळणे. गाडी एव्हाना पुन्हा स्टँडवर घेतली होती. दोन्ही आर्म स्टँडवरच बसवले होते आणि नट फक्त हाताने, वॉशर टेकेपर्यंत फिरवले होते. संध्याकाळचे सहा वाजले होते, अंधारून आले होते, आणि टॉर्क रेंच, म्हणजे नट मोजक्या जोराने आवळायचा पाना, माझ्या उशाशीच पडले होते. स्टँडवर गाडीखाली हात-दीड हात मोकळी जागा असते, तिथे रेंच मोठ्या कोनातून फिरते आणि काम पाच मिनिटांत होते. गाडी खाली उतरवली की तीच जागा अर्धी होते. शनिवारी तो खट् आवाज ऐकलेला असूनही मी रेंच पहिल्या नटावर चढवले होते. मग उतरवले. दोन वर्षांपूर्वी ज्या माणसाने तो बुश बसवला त्याच्याबद्दलचा माझा राग तिथेच बराच निवळला. संध्याकाळी सहाला, पुढची गाडी दाराशी उभी असताना, कोणीही तेच केले असते.

पुढची चाके फळ्यांच्या ठोकळ्यांवर घेतली. चार इंच उंच, गणपतीच्या मखरासाठी आणलेल्या लाकडातून उरलेले. वजन पूर्ण चाकांवर आले, गाडी सपाट राहावी म्हणून मागची चाकेही तशाच ठोकळ्यांवर चढवली. मग चारही कोपऱ्यांवर उभे राहून गाडी वर-खाली दाबली, म्हणजे स्प्रिंग आपल्या नेहमीच्या उंचीवर बसतात. कॅम बोल्ट कोरलेल्या खुणेवर आणले. पुठ्ठ्यावर पाठीवर झोपून, रेंच एका वेळी दातेरी चक्राचे दोन-तीन दाते सरकेल एवढेच हलवत, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत एकेक नट आणला. आर्म्सच्या चार नटांना सव्वा तास लागला. बाहीतून मिठाचा आणि गंजाचा चुरा आत गेला होता, डोळ्यांवर चष्मा असूनही पापण्या चरचरत होत्या. प्रत्येक नट झाला की त्याच्यावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी गाडी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, नेली. कोरलेल्या खुणा असूनही उजव्या बाजूचा कॅस्टर थोडा कमी निघाला, तो कॅम फिरवून दोन्ही बाजूंना चार अंशांच्या आसपास आणला गेला. तिथल्या कारागिराला मी शेवटचे आवळणे गाडी रॅकवर चाकांवर उभी असतानाच करा असे सांगितले. तो म्हणाला, आम्ही तसेच करतो. मी तरीही उभा राहून पाहिले.

परतताना मुद्दाम त्या पुलाकडून आलो. पहिल्यांदा चाळीस मैलांनी, मग पन्नास, मग साठ. सांध्यावर उजवे चाक आदळले, एक ठोका जाणवला आणि संपला. पाचशे मैलांनंतर पुन्हा खाली झोपून पाहिले: आर्म्सचे चार आणि ट्रॅक बारचे दोन, सहाही नटांवरच्या पांढऱ्या रेघा सरळ होत्या. मिठाचा पहिला थर मात्र त्यांच्यावर बसू लागला होता.